हात बसतो, त्याला काय म्हणावे?

लोहार विळ्याला पाणी देतो तेव्हा तो काय करतो हे सांगणे सोपे आहे. त्याच्या त्या करण्याला काय म्हणावे हे सांगणे कठीण आहे. पाते भट्टीत लाल होते. तो ते सांडशीने बाहेर काढतो, धारेची बाजू तेवढी पाण्यात बुडवतो, लगेच वर घेतो, दगडावर घासून थोडा भाग उजळ करतो आणि पाहत राहतो. पाठीकडची ऊब धारेकडे सरकते तसतसा त्या उजळ पोलादावर रंग चढू लागतो. आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. हवा तो रंग आला की पाते पुन्हा पाण्यात. घाई केली तर पुढे कापताना धारेचा टवका उडतो, उशीर केला तर धार वळते. सारा खेळ काही क्षणांचा. पिवळ्या रंगाला सुमारे २३० अंश सेल्सिअस आणि निळ्याला सुमारे ३०० अंश तापमान असते, हे पुस्तकात छापलेले आहे. देगलूरच्या किंवा औशाच्या बाजारात रस्त्याकडेला भाता लावून बसणाऱ्या घिसाड्याजवळ तापमापक नसतो आणि घड्याळाकडे पाहायला त्याला सवडही नसते. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा तुकडा असतो, घण असतो, ऐरण असते, आणि आणखी एक काहीतरी असते. त्या 'काहीतरी'ला मराठीत नेमका शब्द कोणता, एवढाच या लेखाचा विषय आहे. वरवर पाहता हा कोशकारांचा प्रश्न वाटेल. तो तेवढाच नाही, हे पुढे दिसेल.

वर्गात विचारले तर विद्यार्थी तत्काळ 'कौशल्य' असे उत्तर देतात. उत्तर चूक नाही, पण या शब्दाचे अलीकडे फार सरकारीकरण झाले आहे. २०१४ पासून केंद्रात कौशल्य विकासाचे स्वतंत्र खाते आहे. कौशल्याची केंद्रे आहेत, कौशल्याची प्रमाणपत्रे आहेत. कौशल्य म्हटले की आता भट्टी डोळ्यांसमोर येत नाही, अर्ज येतो. 'कसब' हा शब्द त्याहून कामाचा आहे. तो अरबीतून आला. मुळात त्याचा अर्थ कमाई, मिळकत. म्हणजे जे करून पोट भरते ते कसब. अर्थ चांगला, पण नजर हातावरून पैशाकडे वळवणारा. आणि जुन्या मराठीने याच शब्दापासून 'कसबीण' घडवून त्याला जी संगत लावून दिली ती तर सर्वांना ठाऊक आहे. 'हुन्नर' फारसी. निजामी राजवटीत, म्हणजे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, ज्या भागाचा कारभार उर्दूत चालला त्या आमच्या मराठवाड्यात हा शब्द घरातला होता. आज तो 'हरहुन्नरी कलावंत' एवढ्या जोडशब्दापुरता उरला असून नाटकसिनेमाच्या परीक्षणात नटांच्या नावामागे लावला जातो. हरहुन्नरी सुतार असे छापलेले मी कोठे वाचलेले नाही.

'हातखंडा' घ्या. त्यात हात आहे, पण जोर यशाच्या खात्रीवर आहे : हातखंडा प्रयोग, हातखंडा भूमिका. लोहाराचे तसे नसते. प्रत्येक कमानपाटा वेगळा, म्हणून प्रत्येक वेळी धास्ती नवी. 'हस्तलाघव' सुंदर आहे, परंतु तो महाभारतातल्या धनुर्धरांचा शब्द. घिसाड्याच्या भात्याजवळ तो अवघडून उभा राहील. 'सराईत', 'पटाईत', 'तरबेज' हे तर एकेकाळी भले शब्द होते. वर्तमानपत्रांनी 'सराईत' हा शब्द गुन्हेगारांच्या हवाली केला, पटाईत माणूस बहुधा थापा मारण्यात पटाईत असतो आणि 'हातसफाई' बसस्थानकावरच्या गर्दीत चालते. हाताच्या नैपुण्याचा मोठा भाग मराठीने चोरांच्या नावावर का चढवावा? मला वाटते, ज्यांनी लिहिले त्यांच्या हातात हत्यार क्वचितच होते. दुसऱ्याच्या हाताचे नैपुण्य त्यांना जाणवले ते आपला खिसा कापला गेला तेव्हा. (हा माझा तर्क आहे; कोणी खोडून काढल्यास आनंदच होईल.)

आता दोन संस्कृत शब्दांकडे वळू, कारण त्यांच्यापाशी या प्रश्नाचे खरे दुखणे आहे.

'निष्णात' हा शब्द आज आपण निष्णात वकील, निष्णात शल्यचिकित्सक असा वापरतो. मूळ धातू 'स्ना', म्हणजे नाहणे. त्या विद्येत जो न्हाऊन निघाला तो निष्णात. पाणिनीने आठव्या अध्यायात यासाठी स्वतंत्र सूत्र केले आहे : कौशल्याचा अर्थ असेल तेव्हाच 'स'चा 'ष' व्हावा. नुसता अंघोळ करणारा निष्णात नव्हे. आता काशिकावृत्तीने या सूत्राला उदाहरणे कोणती दिली आहेत पाहा. वैद्याचे नाही, पंडिताचे नाही, राजमंत्र्याचेही नाही. चटई विणण्यात निष्णात, आणि दोर वळण्यात निष्णात! व्याकरणकारांना निष्णात म्हणताच जो माणूस आठवला तो चटईवाला आणि दोरवाला होता. आमच्या नांदेड-लातूरकडे केकताडाचे दोर पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजाच्या कुटुंबांनी वळले. केकताड ठेचायचे, वाख काढायचा, पीळ सारखा राखत दोर लांबवत न्यायचा; पीळ कमी पडला तर दोर उलगडतो, जास्त झाला तर त्याला गाठी येतात. मोटेचा नाडा आणि बैलाचा कासरा याच पिळावर उभा होता. या दोर वळणाऱ्याला गेल्या शंभर वर्षांत कोणी मराठीत निष्णात म्हटले असेल काय? शब्द त्याच्यासाठी होता. तो त्याच्याकडून निघाला आणि वकिलाच्या पाटीवर जाऊन बसला.

'कुशल'ची कथा याहून बोचरी आहे. परंपरेने त्याची फोड अशी केली जाते की, जो कुश नावाचे गवत आणतो तो कुशल. दर्भाच्या पात्याला धार असते; मुळाशी नीट धरून, हात न कापता ते उपटणे सर्वांना साधत नाही. ज्याला साधले तो कुशल, आणि मग कोणत्याही कामात तसा असणारा कुशल. अलंकारशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण पाठ असते : मम्मटाने ते रूढ लक्षणेसाठी घेतले आणि विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त त्याला हरकत घेतली की, शब्दाची व्युत्पत्ती वेगळी आणि त्याचा व्यवहारातला अर्थ वेगळा. विश्वनाथाची हरकत शास्त्र म्हणून बरोबर असेल. परंतु व्युत्पत्ती आणि व्यवहार यांची फारकत किती दूर जाऊ शकते याचा त्याला अंदाज नव्हता. गवत कापण्यावरून ज्याचे नाव कुशल पडले असे म्हणतात, त्याच गवत कापणाऱ्या बाईला आपल्या हजेरीपटाने 'अकुशल' ठरवले आहे.

कुशल, अर्धकुशल, अकुशल. १९४८ च्या किमान वेतन कायद्याखाली निघालेल्या अधिसूचनांमुळे हे तीन खण रूढ झाले. १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. हमी होती ती अकुशल कामाची. २००५ च्या केंद्रीय कायद्याने तर व्याख्याच करून टाकली : कोणतेही कौशल्य किंवा खास प्रशिक्षण नसताना कोणाही प्रौढ माणसाला करता येईल असे अंगमेहनतीचे काम, ते अकुशल. या शब्दामागचा हेतू वाईट नव्हता हे मान्य केले पाहिजे. दारात आलेल्या उपाशी माणसाला 'तुला काय येते?' असे विचारू नये, त्याला काम द्यावे, असा तो हेतू होता, आणि त्या दाराने लाखो माणसे जगवली. पण हेतू चांगला म्हणून शब्द खरा ठरत नाही.

१९७२ सालीच तो खोटा ठरला होता. त्या वर्षी ज्यांनी कधी हातोडा धरला नव्हता असे शेतकरी, त्यांच्या बायका, चांगल्या खात्यापित्या घरची माणसे खडी फोडायला बसली. जुन्या लोकांना त्या दिवसांविषयी विचारावे. फुटलेली नखे, डोळ्यांत उडालेली कपची, दिवसभर घाव घालूनही न भरलेले माप, हेच ते सांगतात. शेजारी बसलेला वडार मात्र दगड हातात फिरवतो, त्याची शीर पाहतो आणि मोजक्या घावांत तो उकलतो. दगड तोच, हातोडाही तोच. मग दोघांच्या मधे जे अंतर होते त्याला नाव काय? हजेरीपट म्हणाला, दोघेही अकुशल.

दुसरे उदाहरण पेरणीचे, आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. तिफणीला तीन फण, प्रत्येक फणाला नळी, आणि तिन्ही नळ्या वर एका लाकडी चाड्यात येतात. पुरुष तिफण हाकतो. मागे ओटीत बियाणे घेऊन बाई चालते आणि चाड्यावर मूठ धरते. मूठ म्हणजे केवळ बी टाकणे नव्हे. ढेकळांतून चालायचे, बैलांच्या चालीशी चाल जुळवायची, आणि बोटांच्या फटीतून बी असे सोडायचे की तिन्ही भोकांत सारखे जावे. ज्वारी एकरी चारेक किलो. म्हणजे साऱ्या शेतभर एवढेसे बी पुरवायचे. मूठ सैल झाली तर एका तासात पीक दाट उठते, आवळली तर पुढे मोकळी पट्टी राहते आणि ती चूक चार महिने साऱ्या गावाला दिसत राहते. हे काम सासू सुनेच्या हातात लगेच देत नाही. आधी बांधालगतच्या दोन तासांवर हात बघते. त्या बाईला रोज मिळतो तो मात्र 'बाईचा रोज', तिफण हाकणाऱ्यापेक्षा कमी. का, तर हाकणे हे काम आणि मूठ धरणे ही मदत! ज्याला नाव नाही त्याला दरही नाही, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात नसेल, पण बांधावर आहे.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच, विश्वकर्मा योजना सुरू झाली. सुतार, लोहार, कुंभार, सोनार, चांभार, गवंडी, न्हावी, शिंपी अशा अठरा व्यवसायांना तीत जागा आहे. पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, रोज पाचशे रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी पंधरा हजार रुपये. तीस वर्षे ऐरणीवर बसलेल्या माणसाला पाच दिवसांत काय शिकवायचे हा प्रश्न मनात येतो, तरी अवजारांचे पैसे मिळतात ही गोष्ट लहान नाही. परंतु त्या अठरांत चाड्यावर मूठ धरणारी नाही, ऊस तोडणारी जोडी नाही, खळ्यावर वाऱ्याचा रोख पाहून उपणणारा नाही. दोर आणि चटई विणणारे आहेत, एवढे काशिकाकारांचे समाधान.

असो. तर शब्द कोणता?

माझ्या मते आपण चुकीच्या ठिकाणी शोधत आहोत. आपण नाम शोधतो. मराठीने हे काम क्रियापदाकडे सोपवले आहे. इंग्लंडातील तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल यांनी १९४९ च्या 'कन्सेप्ट ऑफ माइंड' या ग्रंथात एक भेद गाजवला : एखादी गोष्ट अमुक आहे हे ठाऊक असणे वेगळे, आणि ती कशी करावी हे कळणे वेगळे. इंग्रजीत दोन्हींना जाणण्याचेच क्रियापद लागते म्हणून त्यांना एवढा खटाटोप करावा लागला. मराठीत अक्षरशत्रू माणूसही हा भेद रोज करतो. 'मला पोहणे माहीत आहे' आणि 'मला पोहता येते' ही दोन वाक्ये कोणी एकमेकांच्या जागी वापरत नाही. आणि 'येते' या शब्दातली खुबी पाहा. मी ते मिळवले, माझ्या मालकीचे केले, असे मराठी म्हणत नाही. ते येते. मला येते, त्याला येते, तिला अजून येत नाही. कोठून येते याचा पत्ता भाषा सांगत नाही, पण कसे येते ते सांगते : आधी जमत नाही, मग जमू लागते, मग साधते, मग अंगवळणी पडते आणि शेवटी हात बसतो.

'हात बसणे' या दोन शब्दांपाशी मी थांबतो. नवशिक्याचा हात उभा असतो, म्हणजे प्रत्येक हालचालीत तो मालकाची परवानगी मागत असतो. वाकसाने लाकूड तासणाऱ्या पोराकडे पाहावे. त्याचे सारे लक्ष वाकसाकडे असते, लाकडाकडे नसतेच. हात बसला की लक्ष हत्याराच्या टोकापलीकडे जाते आणि लाकडाचा रेषा कोठे उलटा फिरला आहे हे हातालाच लागते. आंधळ्याच्या काठीचे उदाहरण फ्रेंच तत्त्वज्ञ मर्लो-पाँती यांनी १९४५ मध्ये दिले होते, तेही हेच : काठी हातात असते, पण स्पर्श तिच्या टोकाला होतो. मायकेल पोलान्यी यांनी १९६६ च्या छोट्या पुस्तकात याला अव्यक्त ज्ञान म्हटले. माणसाला सांगता येते त्याहून अधिक त्याला कळत असते, असा त्यांचा सिद्धांत. चीनमध्ये ही गोष्ट त्याआधी दोन हजार वर्षे च्वांग-त्झूच्या ग्रंथात सांगून झाली होती. तेथला चाके घडवणारा म्हातारा राजाला म्हणतो की, छिन्नीचा घाव ना सैल ना घट्ट कसा पडावा हे माझ्या हाताला कळते, तोंडाला सांगता येत नाही, आणि पोटच्या पोरालाही शिकवता आलेले नाही. म्हणून सत्तरीतही मीच चाके घडवतो आहे. या म्हाताऱ्याला मराठी येत असते तर तो एवढेच म्हणाला असता की, पोराचा हात बसला नाही.

मराठीने हाताला किती काय दिले आहे याची एकदा उजळणी करावी. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'त हात या शब्दाखाली वाक्प्रचारांची भली मोठी रांग आहे. हाताला चव असते. हाताला वळण असते. वैद्याच्या हाताला यश असते. न्हाव्याचा आणि सुई टोचणाऱ्या परिचारिकेचा हात हलका असतो. ज्याच्या बरोबरीचा कोणी नाही त्याचा हात धरणारा नसतो. यातील 'हाताला चव' हा प्रयोग मला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. चव जिभेला कळते हे का मराठी माणसाला ठाऊक नाही? तरी तो ती हाताला देतो, कारण तेच तिखट, तेच मीठ, तीच चूल असताना भाजीत जो फरक पडतो तो हाताने पडतो. लातूर जिल्ह्यातील उदगीरहून बिदर फार दूर नाही. तेथील बिदरी कामात हा वाक्प्रचार उलटा होऊन खरा ठरतो. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात. मोरचुदाने ते तात्पुरते काळसर करून त्यावर हातानेच नक्षी काढतात, छिन्नीने चर कोरतात, चरांत चांदी ठोकून बसवतात. अखेरीस नवसागर आणि किल्ल्यातील जुनी माती यांचे मिश्रण लावले की धातू काळाभोर होतो आणि चांदी तशीच पांढरी राहते. ती माती योग्य आहे की नाही, हे जाणते कारागीर चिमूटभर जिभेवर ठेवून ठरवतात. येथे हाताचे ज्ञान जिभेला विचारून पुढे जाते.

या ज्ञानाला 'उपजत' म्हणण्याची आपल्याला खोड आहे. 'सुताराच्या पोराच्या रक्तातच असते', असे आपण कौतुकाने म्हणतो. हे कौतुक नव्हे. रक्तात असते तर वाकसाने फुटलेल्या अंगठ्यांचा हिशेब कोठे मांडायचा? रक्त म्हटले की दोन गोष्टी साधतात : शिकणाऱ्याने घातलेली वर्षे पुसली जातात, आणि त्या पोराने दुसरे काही शिकू नये अशी सोयही होते. डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये दाखवून दिले की, जातीने नुसती कामे वाटली नाहीत, काम करणाऱ्यांनाच एकमेकांपासून तोडून वरखाली रचले. त्या उतरंडीत हाताचे ज्ञान ज्यांच्याकडे होते त्यांना अक्षर मिळाले नाही, आणि अक्षर ज्यांच्याकडे होते त्यांनी हाताला शब्द दिला नाही. अपवाद संतांचा. नरहरी सोनारांच्या अभंगात सोनाराची हत्यारे आली, सावता माळ्यांच्या अभंगात मळा आला. तेरच्या गोरोबाकाकांची आख्यायिका तर सर्वश्रुत आहे : मडकी पारखण्याच्या थापटण्याने त्यांनी संतमंडळींची डोकी थापटून पाहिली आणि नामदेवांना कच्चे ठरवले. विद्वत्तेची परीक्षा कुंभाराच्या हत्याराने घेतली गेली आणि ती सर्वांनी मानली, हे मराठी परंपरेत घडलेले आहे. निदान घडले असे सांगण्याची आपल्याला हौस आहे.

'उपजत'ऐवजी मला 'सहज' चालेल. गंमत अशी की, संस्कृतात सहज म्हणजेही जन्माबरोबर आलेले. पण मराठीने त्याचा अर्थ बदलून घेतला. 'अगदी सहज केले' म्हणजे पोटातून घेऊन आलो असे नव्हे, जोर न लावता केले. तो जोर आधीच्या दहा वर्षांत लावून झालेला असतो.

एक इशारा मात्र देऊन ठेवतो, नाहीतर हा लेख हातांची आरती वाटेल. हात बसतो तो चुकीवरही बसतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. घरे दगडमातीची, भिंती दोन-दोन फूट आणि अधिक रुंद, वर माळवदाचा मातीचा जाड थर. भिंतीची दोन्ही तोंडे नीट ओळंब्यात, बाहेरचा दगड घडीव, पाहणाऱ्याने वाहवा करावी असा. मधे मात्र मातीत टाकलेला भरीव गोटा. दोन्ही तोंडांना आरपार धरून ठेवणारे लांब दगड बहुतेक भिंतींत नव्हते. जमीन हलली तेव्हा दोन्ही तोंडे एकमेकांपासून सुटली आणि भिंती दोन्हीकडे पडल्या. नंतरच्या मजबुतीकरणात अभियंत्यांनी गवंड्यांना जे शिकवले त्यात या आरपार दगडाला मोठे स्थान होते. गवंड्यांचा हात बसलेला नव्हता असे म्हणता येणार नाही. तो तोंडावर बसलेला होता, पोटात नव्हता. म्हणून 'सफाई' हा शब्दही मी नाकारतो. सफाई दिसते तेवढ्यापुरती असते. विळ्याचे पाणी दिसत नाही, पेरलेली मूठ दिसत नाही, भिंतीचे पोट दिसत नाही. हाताची परीक्षा तेथे असते.

मग नाम हवेच असेल तर? हवे आहे खरे. हजेरीपटाच्या रकान्यात क्रियापद मावत नाही. मी 'हातोटी'ला कौल देतो. त्यात हात आहे, ती साधावी लागते, प्रत्येकाची वेगळी असते, आणि सुदैवाने तिचे प्रमाणपत्र अजून कोणी काढलेले नाही. तिचा दोष एकच : लेखकांनी ती पळवली. कथाकाराची निवेदनाची हातोटी, वक्त्याची खुलवण्याची हातोटी. आमच्या लातूरच्या शिकवणी वर्गांच्या कृपेने प्रश्नपत्रिका सोडवण्याचीही हातोटी असते. ती जिथली होती तिथे परत नेण्याचे काम मराठीच्या विद्यार्थ्यांनी करण्यासारखे आहे. 'हातोटीचे काम' असा शब्द 'अकुशल'च्या जागी आला तर दर लगेच वाढेल असे नाही. पण दर मागणाऱ्याला निदान कशाचा दर मागतो आहे ते सांगता येईल.

आपल्या महाविद्यालयात येणारी निम्मीअधिक मुलेमुली अशा घरांतून येतात जेथे एखादे तरी हत्यार भिंतीला लटकलेले आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी एक वही घालावी. बी पेरणारे यंत्र ट्रॅक्टरमागे आल्यापासून चाड्यावर बसलेल्या मुठी पन्नाशीपुढच्या बायकांकडेच सापडतील, तेव्हा तेथून सुरुवात करावी. मात्र 'या कौशल्याला तुम्ही काय म्हणता?' असे विचारू नये. आजी हसेल आणि चहा ठेवायला उठेल. चुकले म्हणजे काय म्हणता, असे विचारावे. जे नीट झाले त्याला नाव देण्याची गरज कोणाला पडली नाही, पण जे बिघडले ते शिकाऊ पोराला ओरडून सांगावे लागले, म्हणून ते सारे शब्द जिवंत आहेत. धार वळली. पेर दाट झाली. रंधा उडाला. पीळ उतरला. भिंतीला पोट आले. वाफसा नसताना तिफण घातली. प्रत्येक वाक्यापुढे कोणत्या गावात, कोणत्या हत्याराविषयी, कोणाकडून ऐकले तेवढे लिहावे, आणि बोललेल्याचे नाव त्याला विचारूनच लिहावे. पहिल्या पन्नास पानांत एकही नाम सापडले नाही तरी वही बंद करू नये.